कापशी, कितव्या घासाने?

कापशी, चौकातला तुझा फलक अजून उतरवलेला नाही. तो कोणी उतरवायचा, हे गावात ठरत नाही. धुळ्याच्या पशुप्रदर्शनात दुधाळ शेळ्यांमध्ये तू पहिली आलीस, तेव्हा गजूभाऊंच्या मंडळाने तो लावला होता. वर मोठ्या अक्षरांत हार्दिक अभिनंदन, मधोमध तू, तुझ्या एका बाजूला मंदा, दुसऱ्या बाजूला मी, आणि चहूबाजूंनी गजूभाऊ व त्यांचे सहकारी, ज्यांचा शेळ्यांशी संबंध फक्त रविवारी दुपारी येतो. तू गेल्यावर त्यांनी नवा फलक छापला नाही. 'हार्दिक अभिनंदन'वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' अशी पट्टी चिकटवली. फोटो तेच. तिघांपैकी कोण गेलं, ते त्यावरून कळत नाही. परवा एसटीत शेजारच्या गावचा एक जण मला बघून दचकला, उठला आणि मला जागा दिली. मेलेल्या माणसाला उभं कसं ठेवायचं, असं त्याला वाटलं असावं. मी बसलो. गुडघे दुखतात.

तुला या सगळ्यात फक्त पट्टीच्या कोपऱ्यात रस वाटला असता. खळीने चिकटवलेली असती, तर एव्हाना तू ती खाऊनही टाकली असतीस.

हे मी तुला सांगतोय, कारण घरात दुसरं कोणाला सांगता येत नाही. मंदा घरात आहे, पण ती एकच प्रश्न विचारते आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुझं पिल्लू अंगणात ओरडतं. मंदा त्याला हात लावत नाही. तुझ्या पिल्लाला, आणि तीही मंदा. तुला यावर विश्वास बसणार नाही, मलाही बसत नाही.

तू आमच्याकडे आलीस ती पिशवीतून. माझी वाचनालयातली नोकरी संपून आम्ही चाळीसगावहून गावात राहायला आलो, त्याच हिवाळ्यात. अर्जुननानाची शेळी तुला जन्म देऊन मेली. नानाकडे बाकीची कोकरं-करडं होती, तुझ्याकडे बघायला त्याला वेळ नव्हता. मंदा सहज तिकडे गेली होती. नाना म्हणाला, "लई जाय वहिनी. नही ते आठेच मरी जाई ती." घेऊन जा, नाहीतर इथेच मरेल, हे त्याने इतक्या सहज म्हटलं, जसं कोणी उरलेलं ताक देतं. मंदा भाजीच्या पिशवीत तुला घालून घेऊन आली. वरून मेथीची जुडी. तू त्या अवस्थेतही मेथीचं एक पान तोंडात धरलं होतंस, चावायची ताकद नव्हती, पण सोडतही नव्हतीस.

मी म्हणालो, "हे जगायचं नाही."

मंदा म्हणाली, "तुम्ही तुमचं पुस्तक वाचा."

मी वाचलं. तिने बाटलीला रबरी बोंडी लावली, दूध कोमट केलं, मनगटावर थेंब टाकून बघितला आणि चुलीशेजारी बसून तुला पाजलं. तू जगलीस. सुरती जातीच्या शेळ्या पांढऱ्या असतातच, पण तू वेचणीला आलेल्या बोंडासारखी पांढरी होतीस, म्हणून मंदाने तुझं नाव कापशी ठेवलं. मी दोन-तीन नावं सुचवली होती, जुन्या नाटकांतली. ती कोणी ऐकूनही घेतली नाहीत. तू तर नाहीच.

आपला वाद उंबऱ्याचा होता आणि तो मिटला नाही. माझं म्हणणं होतं की पुस्तकांच्या खोलीत शेळीने येऊ नये. तुझं म्हणणं असं की उंबरा म्हणजे खोली नव्हे. पुढचे दोन पाय उंबऱ्यावर, मागचे ओसरीत, मान आत. मी हाकललं की तू एक पाय मागे घ्यायचीस, फक्त एक, आणि माझ्याकडे बघायचीस. तुझ्या त्या आडव्या बुबुळांत कधी काही अपराधीपणा मला दिसला नाही. मी आयुष्यभर लोकांना पुस्तकं वेळेवर परत करा म्हणून सांगितलं, त्यांच्याही डोळ्यांत नव्हता म्हणा.

खरं तर तू वाचक म्हणून वाईट नव्हतीस. वाचनालयातून निघताना मला कोणी नको म्हणून टाकलेले गौरवग्रंथ मिळाले होते. साठाव्या वर्षाचे, पंचाहत्तराव्या वर्षाचे. खालच्या फळीवर ते होते, आणि तू फक्त तेच खाल्लेस. वरच्या फळीपर्यंत तुझं तोंड पोचत होतं, हे मी पाहिलंय. शुभेच्छासंदेश, सन्मानपत्रं, 'मी पाहिलेले अमुकराव' वगैरे सगळं तू संपवलंस आणि गुळगुळीत कागदावरचे फोटो तेवढे ओसरीत टाकून दिलेस. मंदा ओरडली. मी म्हणालो, राहू दे, या पुस्तकांना एवढं मनापासून कोणी घेतलेलं नाही.

प्रदर्शनाची कल्पना माझी नव्हती, हे तुला माहीत आहे. मी असल्या ठिकाणी जात नाही. पण मंदा धुळ्यात वाढली. चार बहिणींतली तिसरी. शाळेत बक्षीस समारंभाला ती दरवर्षी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायची, हे तिने मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी एकदा कांदे चिरता चिरता सांगितलं होतं, दुसरंच काहीतरी सांगत असल्यासारखं. म्हणून तिने जेव्हा विचारलं, "कापशीला धुळ्याला न्यायची का हो?" तेव्हा मी नाही म्हणालो नाही.

तिने तुला आंघोळ घातली. खुरं घासली. शिंगांना तेल लावलं. टेम्पोत तुझ्याबरोबर मागे बसली, पुढे जागा असताना. मैदानात तुझ्या गळ्यात क्रमांकाचा पुठ्ठा बांधला गेला. प्रमुख पाहुणे यायला अर्धा दिवस होता, तोवर सगळी जनावरं उन्हात उभी. बाकीच्या शेळ्या मुकाट उभ्या होत्या. तू तुझा क्रमांक खाल्लास.

दूध काढलं, मोजलं, कास दाबून पाहिली, दात पाहिले. निकाल सांगायची वेळ आली तेव्हा ध्वनिक्षेपकावरच्या माणसाला तुझ्या गळ्यात नुसती सुतळी दिसली. बाकी सगळ्यांना तो क्रमांकाने पुकारत होता. तुझ्यापाशी तो अडला, खाली वाकून त्याने मंदाला काहीतरी विचारलं, आणि मग त्या सगळ्या मैदानभर, पलीकडच्या रस्त्यापर्यंत, तिचं पूर्ण नाव ऐकू गेलं. आधी माहेरचं, कारण घाबरून तिच्या तोंडून तेच आलं. मग खोकून पुन्हा सासरचं. दोन वेळा. मंदा पुढे गेली, आणि मी मागच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवल्या. तुझ्या सगळ्या खाण्यांपैकी त्या पुठ्ठ्याबद्दल मी तुझा ऋणी आहे. हे तुला तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा मी फक्त म्हणालो, "हिला पाणी दाखवा कोणीतरी."

मग सत्कार.

गजूभाऊ घरी आले, बसले, चहा प्यायले, तुझ्याच दुधाचा, आणि म्हणाले, "आप्पा, कापशीनं गावाचं नाव नकाशावर आणलं." गाव नकाशावर आधीपासून आहे, चाळीसगावहून धुळ्याला जाताना डाव्या हाताला. मंदा दारामागे उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला. म्हणालो, "करा."

आपल्याकडे मानाचा पाहुणा कोणत्याही घरून तोंड न हलवता जात नाही. दाराशी आला आणि काही न खाता गेला, तर ते घर वर्षभर मनात धरतं. पाहुणा पोट धरून विव्हळत का जाईना, पण खाऊन जायला हवा. ही रीत मला ठाऊक होती. ती चार पायांच्या पाहुण्यालाही लागू होईल, हे मात्र ध्यानात आलं नाही. सत्काराच्या सकाळी घरोघर खापरं तापली आणि मांडे झाले. इतकी पुरणपोळी तर गावाने कुठल्या सणालाही केली नसेल.

मारुतीच्या पारासमोर मांडव. तुला पाराजवळच्या निंबाला बांधलं, झेंडूचा हार घातला, अंगावर शाल. मला आणि मंदाला व्यासपीठावर खुर्च्या. पहिला घास मालकिणीने द्यायचा, म्हणून मंदा औक्षणाचं ताट घेऊन खाली उतरली. जाताना वाकून तिने मला विचारलं, "पुरणपोळी आहे. देऊ ना?"

मी म्हणालो, "दे. एका घासाने काय होतंय."

तिने तुला घास दिला. तू तो घेतलास आणि तिच्या पदराचं टोकही घेतलंस. लोक हसले. मंदाही हसली. ती वर येऊन बसली आणि भाषणं सुरू झाली.

तिथून मला सगळं दिसत होतं, कापशी. व्यासपीठाचा तोच एक उपयोग असतो. एकेक घर ताट घेऊन तुझ्यापाशी येत होतं. मांड्याचा तुकडा, मग ओंजळभर गहू, भिजवलेली डाळ, गूळ, कोणी बाजरी. म्हातारी सखूअक्का, सगळ्यांचं झालं आणि तिचंच राहिलं म्हणून, तुझ्या तोंडाशी हात नेऊन म्हणत होती, "मना हातनं खाय वं माय. बठ्ठास्नं खादं, मनंच नही?" आणि तू खात होतीस. तू कधी कोणाला नाही म्हटलंस. मी हात वर करून 'पुरे, पुरे' अशी खूण केली. खालून चार जणांनी मला हात हलवून दाखवला. मी उठायला गेलो तर शेजारच्या पाहुण्यांनी माझ्या सदऱ्याला धरून बसवलं, कारण वक्ते नेमके माझ्याबद्दल बोलत होते, आणि आपल्याबद्दल बोलणं चालू असताना उठणं वाईट दिसतं.

शेवटी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी ध्वनिक्षेपकाजवळ गेलो आणि म्हणालो, "माझी सगळ्यांना हात जोडून विनंती आहे. तिला आणखी काही खायला घालू नका. ती मरेल."

सगळा मांडव हसला.

मी पुन्हा म्हणालो, तेच शब्द, तसेच. आणखी हसले. मागून कोणीतरी म्हणालं, "आप्पा भलता गंमत्या शे." गजूभाऊंनी तर टाळी वाजवली. आयुष्यभर मी प्रत्येक कार्यक्रमात चेहरा न हलवता काहीतरी तिरकं बोलत आलो. लोक ते ऐकायलाच थांबतात. त्या दिवशी माझ्याकडे दुसरा आवाज नव्हता. सरळ बोलायचा वेगळा आवाज कुठे मिळतो, मला माहीत नाही. मी खाली उतरून तुझ्यापर्यंत गर्दीतून पोचलो, तर समोर ताट घेऊन उभा असलेला अर्जुननाना मलाच समजावू लागला, "एक घास खादा ते काय व्हस, आप्पा?" माझंच वाक्य. मी दोरी सोडली आणि तुला घरी आणलं. तोवर ताटं संपत आली होती.

दुपारी तू रवंथ केला नाहीस. उंबऱ्याशी आली नाहीस. संध्याकाळी डावी कूस टम्म झाली, दात करकरा खात उभी राहिलीस. मंदाने खाण्याचा सोडा पाण्यातून पाजला, मी तुझं तोंड वर धरलं. तू माझ्या हाताला चावली नाहीस, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

डॉक्टर सकाळी आले. तरुण आहेत, तालुक्याचे. कुशीला हात लावला, कान चाचपले. कान गार होते. सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली. म्हणाले, "पिठासारखं आंबलंय आत सगळं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मला जेवायला वेळ नसतो, आप्पा. बैलांचं असंच होतं. लोक प्रेमानं घालतात." सलाइनची बाटली मंदाने हातात धरली होती, ओसरीच्या खुंटीला टांगायची सोय असताना.

दुपारी, ऊन अंगणातून सरकायच्या आत, तू गेलीस. डोकं मंदाच्या मांडीवर होतं. पाय तेवढे उंबऱ्यावर होते. तू स्वतःच सरकत सरकत तिथे आली होतीस. मी तुला हाकललं नाही. याला वादात माझी हार धरायची तर धर.

डॉक्टर निघाले तेव्हा मंदाने त्यांना विचारलं, "पहिला घास मी दिला. त्यानं झालं का?"

ते म्हणाले, "नाही हो ताई. एका घासानं काही होत नाही."

"मग कितव्या घासानं झालं?"

डॉक्टर गाडीकडे वळले.

तेव्हापासून ती हेच विचारते आहे. कापशी, फार जुन्या काळच्या परदेशी पंडितांचं एक कोडं मी तरुणपणी वाचलं होतं. एक दाणा म्हणजे ढीग नव्हे. त्यात आणखी एक टाकला, तरी ढीग नव्हे. मग कितव्या दाण्याला ढीग होतो? मला ते रिकाम्या लोकांचं काम वाटलं होतं. पुढची पानं मी उलटून टाकली होती. आता मंदा स्वयंपाकघरात बसून तेच विचारते, तिने ते पुस्तक कधी पाहिलेलं नाही, आणि मला पुढच्या पानांवर काय होतं ते आठवत नाही. उत्तर असतं तर आठवलं असतं, असं वाटतं.

मी तिला म्हणालो, दोष सगळ्यांचा आहे. ती म्हणाली, म्हणजे कोणाचाच नाही. मी म्हणालो, मीच तर दे म्हणालो होतो. ती म्हणाली, "तुम्ही म्हणालात. हात माझा होता."

लोक भेटायला येतात. येताना कोणी रिकाम्या हाताने येत नाही. सखूअक्का येऊन मंदाच्या गळ्यात पडून रडली. जाताना पदराआडून खिरीची वाटी काढून ओट्यावर ठेवली, आपल्याकडे मयताच्या घरी आणतात तशी. अर्जुननाना माझ्याजवळ बसून बराच वेळ जमीन उकरत होता. मग म्हणाला, "चांगलं मरन उनं तिले, आप्पा. मान व्हई गया, पोटभर खादं, आनि गई. आपलं काय व्हई, कोनले माहीत." त्याला राग यावा असं काहीतरी बोलायचं माझ्या मनात होतं. पण तुझं पिल्लू त्याच्याच घरच्या दुधावर जगतंय. तो रोज सकाळी स्वतः तांब्या घेऊन येतो आणि ओट्यावर ठेवून जातो. ज्याच्यावर रागवावं, असा एकही माणूस मला या गावात सापडत नाही, कापशी. सगळ्यांनी एकेकच घास दिला.

गजूभाऊ शोकसभेचं विचारायला आले होते. मी दोन शब्द बोलावेत, म्हणे. मी म्हणालो, लोक हसतील. ते हसले.

राहता राहिलं पिल्लू. ते दिवसभर उंबऱ्यावर उभं असतं, पुढचे दोन पाय वर. त्याला हे कोणी शिकवलं, ते तुलाच ठाऊक. दूध पाजायची वेळ झाली की मंदा उठून आत जाते. पहिल्या दिवशी मी बाटली तिच्या हातात द्यायला गेलो, तर तिने दोन्ही हात मागे घेतले. "मी नाही. माझ्या हातानं आता कोणाला काही नको." मी आग्रह केला नाही. आग्रहाचं काय होतं, ते नुकतंच पाहिलं होतं.

म्हणून मी पाजतो. तुझीच बाटली, तीच बोंडी, फडताळात मागे ठेवलेली होती. तीही मंदानेच जपलेली. मला येत नाही. दूध कधी कढत होतं, कधी गार. मनगटावर थेंब टाकून बघतो, पण काय कळायला हवं ते कळत नाही. पिल्लू दोन घोट घेतं, तोंड फिरवतं आणि आतल्या दाराकडे बघून ओरडतं. काल फुगलेलं वाटलं म्हणून मी तासभर त्याच्या कुशीला कान लावून बसलो होतो. काय ऐकू यायला हवं, ते मला माहीत नव्हतं.

आज सकाळीही तसंच. नाना तांब्या ठेवून गेला. मी ओसरीत बसलो, पिल्लू मांडीत घेतलं. ते खोकलं, दूध नाकातून आलं, माझ्या धोतरावर सांडलं. मी त्याला म्हणालो, अरे पी, नाहीतर मरशील. ते हसलं नाही, एवढं बरं. आत भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला.

मग आतून मंदाचा आवाज आला. "बाटली उभी धरा. हवा जाते त्याच्या पोटात."

मी उभी धरली.

"एवढी नाही."

ती बाहेर आली नाही. मी मान वळवून पाहिलंही नाही. ती कुठे उभी आहे, हे मला फक्त पिल्लाच्या कानांवरून कळत होतं. बाटली मी किंचित तिरपी केली आणि तशीच धरून बसलो. पिल्लाने बोंडी धरली. हात अवघडला, तरी हलवला नाही, कापशी. आतून पुढचं काही सांगितलं जाईल, म्हणून मी थांबलो होतो.